एक हॉल, दोन वेद्या आणि माझा एसी

मी एअरकंडिशनिंगवाला आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा माणूस ताटातलं श्रीखंड सोडून विचारतो, "आमच्या बेडरूमला दीड टन पुरेल का हो?" मी उलट विचारतो, "त्या खोलीत माणसं किती असतात आणि काय करतात?" माणूस गोरामोरा होतो. पण मी चेष्टा करत नसतो. आमचा धंदा थंडी विकण्याचा आहे असा लोकांचा समज आहे. खरा धंदा आतली उष्णता बाहेर काढून टाकण्याचा. आणि उष्णतेचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे माणूस! नुसता बसला तरी शंभर वॉटच्या दिव्याइतका तापतो. उभा राहिला, गायला, भांडला तर आणखी. शिवाय श्वासातून, घामातून ओलावा सोडतो तो वेगळाच. या सगळ्याला आमच्या भाषेत 'लोड' म्हणतात. लोड चुकला की सगळं चुकलं.

म्हणून एसीवाल्याला गिऱ्हाइकाच्या आयुष्यात नाक खुपसावंच लागतं. शारजा-दुबईत पंधरा-सोळा वर्षं मी ते मनसोक्त खुपसलं. एका शेखसाहेबांच्या ससाण्यांसाठी खोली थंड केली. तिथे ससाणे किती वाजता उठतात, कशाला घाबरतात, हे मला त्यांच्या खास नोकराकडून तासभर शिकावं लागलं. शारजातल्या रोल्ला बाजारात एका सोनाराच्या दुकानात दिव्यांचीच उष्णता इतकी होती की माणसं मोजायची गरजच पडली नाही. रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याच्या मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये तर मला तिथे येणाऱ्या सुरमईची आवकजावक तोंडपाठ झाली होती. पण येशू ख्रिस्त देव होता की माणूस, आणि दोन्ही होता तर नक्की कसा, यावर माझं एक डिझाईन अडलं होतं, असं सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. ती थाप नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यात भारी काम तेच! आजही त्याबद्दल बोलायला लागलो की बायको घड्याळाकडे बघते.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही तेव्हा शारजात, अल मजाजला राहायचो. आमच्या कंपनीला एका चर्चचं काम मिळालं. तिकडे राज्यकर्त्यांनी चर्चसाठी जमिनी दिलेल्या आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अशाच एका जमिनीवर दोन छोट्या ख्रिस्ती समाजांनी पैसे एकत्र करून एक इमारत बांधायला काढली होती. स्वतंत्र दोन परवडत नव्हत्या. प्रार्थना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. सकाळी एक समाज, तो बाहेर पडला की दुसरा. तोवर दोघंही भाड्याच्या जागेत होते. एक समाज एका शाळेच्या सभागृहात आणि दुसरा कुणाच्यातरी व्हिलाच्या हॉलमध्ये. शाळेनं आणि व्हिलाच्या मालकानंही सांगून ठेवलं होतं की उन्हाळा संपला की जागा मिळणार नाही.

पहिल्या मीटिंगला मी माझे नेहमीचे प्रश्न घेऊन गेलो. माणसं किती? उभी किती वेळ? मेणबत्त्या किती? धूप जाळता का? समोर दोन पाद्री बसले होते. एक होते केरळचे, कोट्टयमकडचे. त्यांचे लोक त्यांना 'अच्चन' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'बाबा' म्हणावं तसं. दाढी पांढरी, चष्मा जाड, आणि टेंडरमधलं प्रत्येक कलम पाठ. दुसरे होते इराकचे, मोसुलकडचे. त्यांच्यात पाद्र्याला 'कशा' म्हणतात. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांच्या लोकांत निम्मे इराकी होते आणि निम्मे चक्क त्रिशूरचे मल्याळी.

"वेदी कुठे येणार?" मी विचारलं.

"पूर्वेला," दोघं एकदम म्हणाले.

"एकच ना?"

"दोन!" पुन्हा एकदम.

मला प्रश्न पडला. हॉल एक, देव एक, पुस्तक एक, दोघांची प्रार्थनेची मूळ भाषासुद्धा येशूच्या काळच्या बोलीचीच भावंडं. मग वेद्या दोन कशाला? एका वेदीवर आळीपाळीनं काय बिघडतं? मी पुण्याचा असल्यामुळे हे मनात न ठेवता विचारून टाकलं. अच्चननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मिस्टर दाते," ते म्हणाले, "हा प्रश्न पंधराशे वर्षं जुना आहे. तुमचं ड्रॉइंग कधी द्यायचं आहे?"

त्या दिवशी मी घरी गेलो तो पेटूनच.

पुढचे काही महिने साइटवर मी डक्टचं, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचं, काम बघत होतो आणि फावल्या वेळात या दोघांकडून आलटून पालटून शिकवणी घेत होतो. मला कळलं ते असं. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या एका धर्मगुरूनं शंका काढली. मरियेला 'देवाची आई' म्हणायचं कसं? देव काय दोन महिन्यांचा असतो? त्याला काय दूध पाजायचं असतं? तिला 'ख्रिस्ताची आई' म्हणा. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू यावर उसळला. म्हणाला, तिच्या मांडीवर होता तो देवच, नाहीतर आपण कुणाची भक्ती करतो आहोत? इफेससला धर्मपरिषद भरली आणि शंका काढणारा हरला. पुढे वीसेक वर्षांनी कॅल्सेडनला आणखी एक परिषद. तिनं ठरवलं की ख्रिस्त एकच, पण त्याच्यात स्वभाव दोन, देवपणाचा आणि माणूसपणाचा. आता अलेक्झांड्रियाकडचे बिथरले. जोडल्यावर पुन्हा दोन कसले मोजता, म्हणाले. सम्राटांनी यात हात घातला, बिशप हद्दपार झाले, रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. कशांचा समाज शंका काढणाऱ्याच्या बाजूचा, तो पहिल्या परिषदेपाशीच वेगळा राहिला; अच्चनांचा अलेक्झांड्रियाच्या बाजूचा, तो दुसऱ्या परिषदेपाशी. म्हणजे माझ्या हॉलमध्ये त्या भांडणाची दोन अगदी टोकं शेजारी शेजारी बसणार होती!

"आम्ही तर त्या सम्राटाच्या मुलखातच नव्हतो, हबीबी," कशा सांगायचे. "आम्ही इराणच्या राजाच्या राज्यात. तिथून आमचे लोक पूर्वेकडे गेले, चीनपर्यंत. आणि इथेसुद्धा! पश्चिमेच्या त्या बेटावर सध्या खणतायत ना? मठ निघाला. तो आमचा आहे, या मुहंदिस!" मुहंदिस म्हणजे इंजिनियर, आणि आधीचं 'या' म्हणजे आपलं 'अहो'. हे सांगताना ते वाळूवर पाय आपटायचे, जणू मठ पायाखालीच आहे. माझ्या अंगावर काटा यायचा. या वाळूत तेलाच्या आधी, अगदी इस्लामच्याही आधी, कोणीतरी बसून याच मुद्द्यावर डोकं खाजवत असेल, या कल्पनेनं मी जाम खूश व्हायचो.

रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला, सुनीताला सांगायचो. ती म्हणायची, "अहो, आपल्याकडे द्वैत-अद्वैत आहेच की. त्यासाठी शुक्रवारची सुट्टी कशाला घालवायला हवी?" मुलगी दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत होती. तिनं एकदाच तोंड उघडलं. "बट बाबा, हू वन?"

मी म्हटलं, "अजून चालू आहे."

एक गोष्ट मात्र माझ्या चटकन लक्षात आली, कारण ठेकेदारीत ती रोज दिसते. अच्चन मला सांगायचे, कशांचे लोक दोन ख्रिस्त मानतात. मी ते कशांना विचारलं की ते ओरडायचे, "दोन? कोण म्हणतो दोन? एकच!" मग ते सांगायचे की अच्चनांचे लोक म्हणतात ख्रिस्ताचं माणूसपण देवपणात बुडालं, समुद्रात मधाचा थेंब पडावा तसं. मी ते अच्चनांना विचारायचो. ते शांतपणे म्हणायचे, "आम्ही असं कधीही म्हटलेलं नाही." प्रत्येकजण दुसऱ्याचं जे मत खोडत होता, ते दुसऱ्याचं नव्हतंच! कन्सल्टंट आणि कॉन्ट्रॅक्टरची निम्मी पत्रापत्री याच जातीची असते.

आता वर्कीबद्दल सांगायला हवं. वर्की माझा फोरमन. डक्टचा पत्रा त्याच्या हातात कागदासारखा वळायचा. बुटका, काळासावळा, मिशी झुपकेदार, आणि हिंदी त्याच्या स्वतःच्या व्याकरणाची. तो अच्चनांच्या चर्चचा. त्यानंच या कामाची खबर आणली होती. एकदा साइटच्या केबिनमध्ये डबा खाताना मी त्याला फुशारकीनं दोन परिषदांची गोष्ट सांगायला लागलो. तो भात कालवता कालवता हसला.

"सार, हमारा घर में दोनों कौन्सिल है."

त्याची बायको रोझिली त्रिशूरची, कशांच्या चर्चची. एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. केरळात रीत अशी की लग्नानंतर बायको नवऱ्याच्या चर्चला जाते. पण रोझिलीचे वडील वेदीजवळ सेवा करणारे होते, मरताना त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता की आपली वेदी सोडू नकोस. वर्कीनं तो शब्द पाळू दिला. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. दर शुक्रवारी सकाळी एका बसनं हा शाळेच्या सभागृहात जायचा, दुसऱ्या बसनं ती व्हिलात जायची. ईस्टर असो, नाताळ असो. प्रार्थनेला दोघं शेजारी बसलेत असं वीस वर्षांत झालं नव्हतं. रागानं नव्हे. कुणी कुणाला सांगायचं आणि रीत कुणी मोडायची, म्हणून राहून गेलेलं.

"ये बिल्डिंग बनेगा ना सार, तो एक गाडी में आएगा," तो म्हणाला. "पहले मैं अंदर, वो बाहर. फिर वो अंदर, मैं बाहर. साथ में बैठना नहीं होगा. पर दरवाजा तो एक."

त्या दिवसापासून ते काम नुसतं कंपनीचं राहिलं नाही. ते बंद पडलं असतं तर मला झोप लागली नसती.

आणि बंद पडायची पाळी आलीच, माझ्याच हवेमुळे. दोन्ही वेद्या पूर्वेच्या भिंतीला शेजारी शेजारी आल्या होत्या. प्रत्येकीपुढे भरजरी पडदा. एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्याचा पडदा बंद राहणार, असं ठरलं होतं. मधल्या मोकळ्या भिंतीत मी आतली हवा परत खेचून घेणारं ग्रिल बसवलं होतं. पहिल्यांदा पंखे चालू केले आणि छतातून सुटलेला झोत थेट कशांच्या पडद्यावर! पडदा शिडासारखा फुगला आणि त्याचं टोक उडून अच्चनांच्या वेदीच्या पायरीवर पडलं. अच्चनांच्या कमिटीचा खजिनदार तिथेच उभा होता. तो म्हणाला, "बघा, आजच अतिक्रमण सुरू." कशांच्या बाजूच्या एकानं उत्तर दिलं. मग शब्दाला शब्द. दुसऱ्या दिवशी दोन्ही कमिट्यांकडून मागणी आली की हॉलच्या मधोमध भिंत घाला.

भिंत! हॉलच्या मधून भिंत घातली असती तर दोन लांबट बोगदे झाले असते, नकाशे पुन्हा मंजुरीला गेले असते, आणि उन्हाळा संपून दोघंही रस्त्यावर आले असते. मी कमिट्यांना म्हटलं, मला आठवडाभर द्या. वर्कीनं आणि मी छतातले झोत बंद केले. बाजूच्या भिंतींतून, जमिनीलगत, हवा अलगद पसरेल अशी रचना केली. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी तळाशी पसरते आणि माणसांच्या उबेनं आपोआप वर चढते. मग दोन्ही पाद्र्यांना बोलावलं, पडद्यासमोर मेणबत्ती पेटवली आणि पंखे पूर्ण वेगात सोडले. ज्योत सरळ राहिली. कशांनी मला मिठी मारली, माझे दोन्ही गाल ओले केले. अच्चन म्हणाले, "भिंतीचा विषय संपला असं मी कमिटीला सांगतो."

त्याच दिवशी ती गंमत झाली. मशीनच्या खोलीत एक जादा कॉइल उघडी पडली होती. कशांनी विचारलं हे काय. मी सांगितलं, "तांब्याच्या या नळ्यांतून गच्चीवरच्या चिलरमध्ये गार केलेलं पाणी वाहतं. बाहेरून, या पातळ पत्र्यांच्या मधून हवा जाते. पाणी हवेत मिसळत नाही, हवा पाण्यात मिसळत नाही. पण पाण्याची थंडी हवेत उतरते."

कशांचे डोळे चमकले. "हेच! फादर, या, बघा! दोन स्वभाव! पाणी पाणीच, हवा हवाच. कोणी कोणाला गिळलं नाही. आणि कॉइल एक!"

अच्चन वाकले, कॉइलवर बोट फिरवलं. "मिस्टर दाते, पलीकडच्या बाजूनं जे बाहेर येतं, ते काय असतं?"

"थंड हवा."

"त्यातली हवा एका भांड्यात आणि थंडी दुसऱ्या भांड्यात अशी काढून द्याल?"

"नाही जमणार."

"मग तुम्ही त्या थंड हवेत किती मोजाल? एक की दोन?"

मी म्हटलं, "एक."

"आणि हवेचं हवापण गेलं?"

"नाही गेलं."

"मग बघा," अच्चन म्हणाले, "आम्ही एवढंच म्हणतो." आणि आयुष्यात पहिल्यांदाच हसल्यासारखे हसले.

"पण पाणी परत जातं!" कशा ओरडले. "पाणी परत चिलरकडे जातं की नाही, मुहंदिस?"

"जातं!"

"परत जाणारं पाणी थोडं गरम झालेलं असतं का?" अच्चन.

"हो, होतं गरम."

"म्हणजे पाण्यालाही काहीतरी झालं!"

मी तर नाचायचाच बाकी होतो! पंधराशे वर्षांचं भांडण माझ्या कॉइलभोवती चाललं होतं आणि दोघंही मला साक्षीला काढत होते. न राहवून मीही उडी घेतली. म्हटलं, आमच्याकडे यशोदेनं कृष्णाला उखळाला बांधलं. तिनं देवाला बांधलं की पोराला? कशांनी विचारलं, "सुटलं का ते?" मी सांगितलं, उखळासकट रांगत गेलं आणि दोन झाडं पाडली. कशा गडगडून हसले. अच्चन म्हणाले, "आईला विचाराल तर ती म्हणेल, माझ्या मुलाला बांधलं. आमचंही तेच म्हणणं आहे, की आईला विचारा."

आता शेवटचा अडथळा. हॉल ताब्यात देण्याआधी आमचं काम तपासणाऱ्या कन्सल्टंटला पूर्ण लोडची चाचणी हवी होती, आणि तीही उन्हाळ्यात. सर्टिफिकेटशिवाय हॉल उघडायला परवानगी नाही. हॉटेलात आम्ही अशा वेळी विजेचे हीटर लावतो आणि माणसांची उष्णता खोटी खोटी तयार करतो. पण हीटरला घाम येत नाही! आखाताच्या दमट हवेत ओलावा हाच खरा शत्रू, आणि जमिनीलगत हवा सोडण्याची नवी रचना तर माणसांच्या अंगच्या उबेवरच चालणारी. कन्सल्टंट म्हणाला, खरी माणसं आणा. हॉल सहाशेंचा. अच्चनांच्या लोकांनी जेमतेम दोन तृतीयांश भरला असता, कशांच्यांनी एक तृतीयांश. एका समाजाला एकट्यानं ती चाचणी पास करता येणंच शक्य नव्हतं.

मी मीटिंगमध्ये सांगितलं, "दोन्ही समाजांची सगळी माणसं मला एकाच वेळी हॉलमध्ये हवीत. निदान दोन तास."

खजिनदार म्हणाला, "आणि दोन तास करायचं काय?"

"काहीही. गप्पा मारा."

"वेदीसमोर गप्पा?"

"मग प्रार्थना करा."

"कुठल्या वेदीपुढे? कुणाची? बिशपांना काय सांगायचं?"

वर्की कोपऱ्यात माझे कागद धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. अर्धा तास नुसता गोंधळ. मग कशांनी टेबलावर हात ठेवला. त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. "भांडण कुठे सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

"इफेससला," कोणीतरी म्हणालं.

"आणि विश्वासांगीकार कधीचा?" विश्वासांगीकार म्हणजे 'आमचा विश्वास काय आहे' हे सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं असतं ते.

अच्चननी पुढ्यातले कागद मिटले. मग म्हणाले, "त्याच्या आधीचा."

"तुमचा आणि आमचा?"

"तोच."

"खलास," कशा म्हणाले. "दोन्ही पडदे बंद. वेदी कुणाचीच नाही. पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं आणि भांडणाच्या आधीचं म्हणायचं."

अच्चननी मान डोलावली. बाकीच्यांना मग बोलायला काही उरलं नाही. सहाशे माणसं तोंड करून उभी राहणार होती ती माझ्या ग्रिलकडे, हे मात्र मी मनातच ठेवलं.

तो शुक्रवार माझ्या नोकरीतला सगळ्यात धडधडीचा दिवस. ऑगस्टची सकाळ, बाहेर कपडे अंगाला चिकटत होते. बसमागून बस येत होत्या. वर्की गच्चीवर चिलरपाशी, मी हॉलमध्ये थर्मामीटर घेऊन. हॉल भरला. मधली वाट सोडून उजवीकडे सगळे अच्चनांचे, डावीकडे सगळे कशांचे! उजवी बाजू खचाखच, डावीकडे रिकाम्या खुर्च्या. हवा कुठून कुठे जाणार? उजवीकडे पारा चढायला लागला, डावीकडच्या बायका साडीचे पदर खांद्यावर ओढून घ्यायला लागल्या. कन्सल्टंट वहीत काहीतरी लिहायला लागला. अशीच दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर चाचणी नापास होती.

मी माइक घेतला. "कृपा करून मिसळून बसा! लोड समान हवा. उजवीकडची काही माणसं डावीकडे या."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी हसलं. उठलं कोणीच नाही. मी अच्चनांकडे पाहिलं, ते कशांकडे बघत होते. हुकूम दोघांपैकी कोणालाही द्यायचा नव्हता, ते मला समजत होतं. डावीकडे चौथ्या रांगेत रोझिली बसली होती, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. मी वॉकीटॉकी उचलला.

"वर्की, नीचे आओ."

"सार? चिलर कौन देखेगा?"

"मैं देखूँगा. तू टेक्निशियन नहीं है अभी. तू लोड है. यल्ला, जल्दी."

तो आला. निळा कळकट बॉयलर सूट, हाताला ग्रीस, कपाळावरून घाम. दारात उभा राहिला. मी बोटानं दाखवलं. त्यानं हात सुटाला पुसले, परत पुसले आणि मधली वाट ओलांडून गेला. रोझिलीनं त्याच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि थोडी सरकून बसली. मला भरून आलं. मी ते लपवलं नाही.

त्यानंतर उजवीकडचं एक जोडपं उठलं. मग एक आजोबा. मग खुर्च्यांचा एकच आवाज. मी तिथे थांबू शकत नव्हतो, चिलरपाशी कोणी नव्हतं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गच्चीवर पोचलो तेव्हा आमचा सगळा डोलारा पूर्ण ताकदीनं घुमत होता. काटे हवे तिथे येत होते. आणि परतीच्या हवेच्या डक्टमधून, पत्र्यातून थरथरत, खालचा आवाज वर आला. सहाशे माणसं उभी राहून एकच गोष्ट म्हणत होती. काही मल्याळीत, काही कशांच्या बोलीत. कोण कुठल्या बाजूचा हे पत्र्यातून कळायला मार्ग नव्हता. मी उन्हात उभा राहून परतीच्या हवेचा पारा बघत होतो आणि ओरडत होतो, "चोवीस! चोवीसच आहे!" ऐकायला कोणी नव्हतं.

चाचणी पास झाली. झकास पास झाली. कन्सल्टंटनं माझ्याशी हात मिळवला, लोक बसमध्ये चढले. रिपोर्ट लिहायला मी खाली बसलो तेव्हा वर्की समोर येऊन उभा राहिला. रुमाल अजून त्याच्या हातात होता.

"सार, टेस्ट पास?"

"एकदम पास."

तो खूश होईल असं वाटलं. तो खाली बघत राहिला. "पास हो गया तो... फिर से नहीं होगा ना?"

"फिर से क्यों होगा?"

"नहीं सार. ऐसे ही." थोडं थांबून म्हणाला, "थोडा फेल नहीं लिख सकते?"

आमच्या धंद्यातले कोणी हे वाचत असतील तर आता जे सांगतो त्याला हसतील. खुशाल हसा. मी रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ वाढवली: पूर्ण लोडची चाचणी हिवाळ्यातही घ्यावी, आणि त्यानंतर दरवर्षी घेत जावी, माणसं मिसळून बसलेली असावीत. मग तो कागद घेऊन दोन्ही पाद्र्यांच्या सहीसाठी गेलो. अच्चननी नेहमीप्रमाणे प्रत्येक कलम वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"मिस्टर दाते, इथे हिवाळ्यात एसी लागतो?"

"नाही लागत, फादर."

"मग चाचणी कशाची?"

मी म्हटलं, "लोडची."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर रोझिली व्हॅनमध्ये वर्कीची अवजारं ठेवायला मदत करत होती. अच्चननी सही केली आणि पेन कशांच्या हातात दिलं.